थोरल्यांच्या मृत्यूचं कारण : हवामान

१

माझ्या आत्याने तिच्या सुनेची माफी मागितली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. आमच्या घरात कोणालाही विचारून बघा. आतोबा चष्मा पुसायला घेतील, आतेभावाला नेमका तेव्हाच फोन येईल, आणि आत्या विचारेल, चहा घेणार का. चहा घेऊ नका. का, ते पुढे कळेलच.

तेव्हा आपण रीतसर प्रेतापासून सुरुवात करू.

प्रेत भिंतीवरून खाली पडलं होतं. पडताना त्याचा चिखल झाला होता, आणि त्या चिखलात काहीतरी हलत होतं. मी जवळ गेलो नाही. लांबूनही पुरेसं दिसत होतं. काळपट हिरवा राडा, त्यावर तेलाचा तवंग, तवंगावर चिलटं, आणि या सगळ्यावर एक असा वास, की तो नाकात न जाता थेट जिभेवर येऊन बसत होता. मी तोंड उघडलं नाही. वास आत येईल या भीतीने नव्हे. सकाळचा नाश्ता बाहेर येईल म्हणून.

प्रेत थोरल्यांचं होतं. थोरले म्हणजे माणूस नव्हे, नेचा. सांबरशिंगी जातीचा. हा मातीत वाढत नाही, झाडाच्या खोडावर नाहीतर लाकडी फळीवर वाढतो. मागच्या बाजूला फळीला घट्ट चिकटलेली, पुठ्ठ्यासारखी तपकिरी पानं असतात, त्यांना आमच्याकडे ढाल म्हणतात. पुढे शिंगांसारखी फाटे फुटलेली हिरवी पानं लोंबतात. थोरल्यांना फळीवर बांधलं माझ्या आजोबांनी, आत्याच्या जन्माच्या आधी. म्हणून ते थोरले. आत्या नवऱ्याला अरे-तुरे करते, नेच्याला अहो-जाहो. पाहुणे आले की आधी थोरल्यांना भेटवायचे, मग आतोबांना, तेही आतोबा वाटेत आले तर.

मला बोलावून घेतलं आतेभावाने. त्याला मी दादा म्हणतो. फोनवर म्हणाला, थोरले गेले, आईने हिचं नाव घेतलंय, तू ये. मी विचारलं, मी कशाला? तर म्हणाला, तुझं कामच ते आहे.

माझं काम असं. एका कंपनीची कपडे धुण्याची यंत्रं बिघडली की मी लोकांच्या घरी जातो आणि बिघाड कोणामुळे झाला ते ठरवतो. यंत्र आपणहून बिघडलं असेल तर कंपनीचा दोष, नाहीतर ग्राहकाचा. आजवर एकही यंत्र आपणहून बिघडलेलं नाही. मी बाथरूममध्ये उकिडवा बसतो, गाळणी उघडतो, आत केस, नाणी, एकदा तर कवळी, आणि अहवालात लिहितो : मालकाच्या चुकीच्या वापरामुळे. उत्तर कायम हेच असतं. मला या नोकरीची किळस येते, पण हात बसलाय.

निकाल मात्र मी पोचायच्या आधीच लागला होता. वहिनीने थोरल्यांना फिनेल घालून मारलं, सबब तिने आणि दादाने रविवारपर्यंत दुसरीकडे खोली बघावी. दादाचं काही अडत नव्हतं. नेचाघराला लागून असलेल्या त्या ओलसर खोलीत त्याच्या पट्ट्यावरसुद्धा बुरशी येते. अडत होतं वहिनीचं. तिने मला नेचाघराच्या कोपऱ्यात नेलं आणि काचेच्या बरण्या दाखवल्या. आत ओल्या कोळशासारख्या मातीवर पोपटी ठिपके होते.

नेच्याला बी नसतं. पानाच्या पाठीवर तपकिरी भुकटी धरते, ती पेरायची. आधी नुसतं शेवाळासारखं काहीतरी येतं, ते इतके महिने तसंच राहतं की माणसाला वाटतं आपण डबकं पाळलंय. मग एक दिवस त्यातून नखाएवढं पान निघतं. आता ती वेळ आली होती. आता रोज थोडं थोडं झाकण सरकवून त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावायची, आणि ती सवय या दमट जागेतच लागते.

"कोरड्या खोलीत नेली तर दुपारपर्यंत करपतील, भावजी," ती म्हणाली. "मला घराबाहेर काढा, चालेल. यांना नका काढू."

मग नाकावरचा रुमाल सारखा करत ती हळूच म्हणाली, "आणि हो, फिनेल मी टाकलंय."

२

फिनेल टाकलं होतं ते जमिनीवर. कारण वास. गेले काही महिने नेचाघरात जो वास येत होता त्याने वहिनीला जेवण जाईना. आत्याला दोनदा सांगून पाहिलं. आत्या म्हणाली, मला तर काही येत नाही, तुझंच नाक माहेरी लाडावलंय. शेवटी वहिनीने थोरल्यांच्या खालची फरशी फिनेलने धुतली. दुसऱ्या आठवड्यात थोरले पडले. एवढ्यावर आमच्या घरात माणूस दोषी ठरतो. याहून कमीवरही ठरलेला आहे. मी लहानपणी इथे सुट्टीला यायचो.

मी आत्याकडे गेलो. ती प्रेताशेजारी स्टुलावर बसून बिस्किट खात होती. रुमाल नाही, काही नाही. एका हाताने बिस्किट, दुसऱ्या हाताने थोरल्यांच्या राड्यातून सडकी मुळं बाजूला करून ठेवत होती. मला भडभडून आलं. आधी पोटातून, मग थोडंसं मनातूनही. मला वाटलं, प्रेम म्हणजे हेच असणार. आपल्या माणसाची घाण वाटत नाही.

तिने मला चहा दिला. मी घोट घेतला आणि कपात परत सोडला. दूध नासलेलं होतं. आत्या आपला कप शांतपणे पीत होती. दुःखात माणसाचं लक्ष नसतं, शिवाय आत्या दूध फेकून देणाऱ्यांतली नाही. कप मी एका कुंडीत रिकामा केला. त्या कुंडीची मी इथे क्षमा मागतो.

आत्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की तिच्या नाकापासून काही लपत नाही, आणि थोरल्यांच्या अंगाला फिनेलचा वास येत होता. हे नाक साधं नाही. ती नेचाप्रेमी मंडळाची अध्यक्ष आहे आणि त्यांच्या प्रदर्शनात परीक्षक असते. बाकीचे परीक्षक पानं मोजतात. आत्या डोळे मिटून कुंडीशी वाकते, हुंगते आणि सांगते, याच्या मुळाशी पाणी साचलंय. कुंडी उपडी केली की खरंच साचलेलं असतं. मी लहानपणी सिगारेट ओढली तेव्हा तिने मला फाटकातच धरलं होतं, मी आत यायच्या आधी.

मग तिने मला औषधाचं पिंप दाखवलं. हे तिला दाखवायचंच होतं, कारण आपण थोरल्यांसाठी काय काय केलं हे कोणीतरी लिहून घ्यावं अशी तिची इच्छा होती. निळं प्लास्टिकचं पिंप, आत माशांची डोकी आणि गूळ, महिनोन्‌महिने मुरत ठेवलेला. झाकण उघडल्यावर मी मागे भिंतीपर्यंत गेलो. आत एक डोळा वर तरंगत होता आणि तो माझ्याकडेच बघत होता. हे औषध फक्त थोरल्यांना, आणि फक्त आत्याच्या हातून. बाकीच्या नेच्यांना दुकानातलं दाणेदार खत.

मी विचारलं, प्रमाण किती? ती हसली. माप लावणाऱ्यांची आत्याला कीव येते. म्हणाली, बादलीत औषध घ्यायचं आणि पाणी घालत जायचं. वास मेला की थांबायचं. हे तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं, आणि आजवर एकही पान करपलं नव्हतं.

मी मान डोलावली आणि बाहेर येऊन श्वास घेतला. तेवढ्यात दादाने हाक मारली. ढालीच्या मागे, राड्यात, त्याला काहीतरी सापडलं होतं. पिवळं, काळं पडलेलं, आणि एकावर एक घडी घालून कोंबलेलं.

३

केळ्याच्या साली होत्या. इतक्या, की थोरले पडले ते सडल्यामुळे की वजनामुळे असा प्रश्न पडावा.

सांबरशिंगीच्या ढालीमागे केळ्याची साल खुपसावी, त्याने त्याला ताकद येते, असं मंडळातले काही लोक म्हणतात. आत्या त्या लोकांना मंडळातून काढते. म्हणजे साली तिने घातलेल्या नव्हत्या.

मी आतोबांना गाठलं. आतोबा घरात अशा पद्धतीने राहतात, की ते खोलीतून गेले तर कळत नाही आणि आले तरी कळत नाही. त्यांना साखरेचा आजार आहे. मी त्यांना सालींबद्दल विचारलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले, आणि मग त्यांनी खिशात हात घालून एक ताजी साल काढून टेबलावर ठेवली, पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करावं तशी.

केळं त्यांना बंद आहे. आत्या कचऱ्याचा डबा तपासते. मग साल टाकायची कुठे? घरात एकच जागा अशी होती जिला आत्याशिवाय कोणी हात लावत नसे, आणि आत्याही फक्त पुढून लावत असे.

"तुम्ही गेली कित्येक वर्षं माझ्या नवऱ्याला केळी खाऊ नकोस म्हणून बजावलंत," वहिनी दारातून म्हणाली. "त्याला साखर आहे म्हणून नाही. घरात एकच घड येतो म्हणून."

आतोबांनी मान खाली घातली. ते म्हणाले, थोरल्यांशी त्यांचं बरं होतं. दोघांनाही कोणी काही विचारत नसे.

मला त्यांची थोडी शिसारी आली आणि बरीचशी दया. पण साली मी बारकाईने पाहिल्या होत्या, चिमट्याने, दुसरीकडे तोंड करून. वरच्या साली नुसत्या वाळलेल्या होत्या. सड खालून आणि आतून आली होती, मुळांच्या गाभ्यापासून. आणि आतोबा हे काम वर्षानुवर्षं करत होते, त्या सगळ्या काळात थोरले दरसाल प्रदर्शनात पहिले येत होते. सालींनी मरायचं असतं तर ते कधीच मेले असते. उलट मंडळातले ते हाकललेले लोक बरोबर होते की काय, अशी शंका येते. ती मी आत्याला बोललेलो नाही.

आतोबांना मी मोकळं सोडलं. ते म्हणाले, बरं झालं. मग दाराकडे बोट करून म्हणाले, कात्री घेऊन आला होता त्याला विचार.

दारात मंडळाचे चिटणीस उभे होते. हातात हार, डोळ्यांत पाणी, आणि नाकाला अत्तराचा बोळा.

४

चिटणीस सांत्वनाला आले होते. सांत्वन करताना त्यांची नजर सारखी मोकळ्या भिंतीकडे जात होती, जागा रिकामी झाल्यावर दलाल बघतो तशी. ते म्हणाले, मंडळाचा एक आधारस्तंभ गेला. मग विचारलं, प्रदर्शनात मधल्या चौथऱ्यावर यंदा कोण? दरवर्षी तिथे थोरले असत आणि चिटणीसांचा नेचा जिन्याखाली.

त्यांना पाहून आत्याने हार घेतला, हुंगला, म्हणाली, छान आहे, आणि थोरल्यांच्या राड्यावर ठेवला. हार प्लास्टिकचा होता. हे मी तेव्हा पाहिलं, आणि शोकसभेतल्या माणसाला काय बोलायचं म्हणून गप्प बसलो.

मी चिटणीसांना बाजूला घेतलं. थोरल्यांच्या बुंध्याशी एक सरळ काप होता. सांबरशिंगीच्या कडेला पिल्लं फुटतात. कोणीतरी एक पिल्लू कापून नेलेलं होतं. मी फक्त म्हणालो, काप फार स्वच्छ आहे, शिकलेल्या हाताचा दिसतो. लोकांना कौतुक सहन होत नाही. चिटणीस म्हणाले, धन्यवाद, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन हारासारखे लोंबले.

मागच्या बैठकीत सगळे चहा घेत असताना त्यांनी पिल्लू उचललं होतं. ते स्वतः चहा घेत नव्हते, कारण चहाला वास येत होता. हेही मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. माझ्यासारख्या माणसाला नोकरीवर ठेवणाऱ्या कंपनीची मला कधीकधी काळजी वाटते.

"पिल्लू कुठे आहे?" मी विचारलं.

ते गेलं होतं. चिटणीसांनी अत्तराचा बोळा डोळ्यांना लावला. घरी नेल्यावर त्यांना पानांवर पांढुरकी धूळ दिसली, म्हणून त्यांनी ती ओल्या फडक्याने नीट पुसून काढली, रोज. आता सांबरशिंगीच्या पानांवर जी पांढरी लव असते ती धूळ नसते. ती त्याची कातडी असते म्हणा ना. तिच्यामुळे पानातलं पाणी टिकतं. नेचाप्रेमी मंडळाच्या चिटणीसांनी एका पिल्लाला प्रेमाने सोलून मारलं होतं, आणि ते चकचकीत दिसत होतं याचं त्यांना अजूनही समाधान होतं.

पण थोरल्यांचा काप सुकलेला, कडक, निरोगी होता. सड तिथवर पोचलीसुद्धा नव्हती. चिटणीस चोर होते, निर्बुद्ध होते, पण या खुनात नव्हते. मी त्यांना घरी पाठवलं. जाताना त्यांनी चौथऱ्याबद्दल पुन्हा विचारलं.

आता राहिली वहिनी. आणि आत्या हातात दादाची बॅग घेऊन खोलीच्या दारात उभी होती. रविवारची वाट बघायची तिची तयारी नव्हती.

५

मी आत्याला म्हणालो, संध्याकाळपर्यंत थांब, रिपोर्ट पुरा होऊ दे. रिपोर्ट या शब्दाला आत्या मान देते. तिने बॅग खाली ठेवली, पण हात लांब नेला नाही.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. उकिडवा बसलो. गाळणी उघडायची ती इथेही असतेच कुठेतरी.

थोरल्यांच्या बरोबर खाली एक कुंडी होती, हंसराजाची. हंसराज म्हणजे काळ्या तारेसारखी देठं आणि नाजूक पानं असलेला नेचा, ज्याच्याकडे कोणी जोरात बघितलं तरी तो वाळतो. थोरल्यांच्या अंगावरून जे गळेल ते या कुंडीत पडत होतं. हंसराज मेला होता. मी त्याची माती बोटांनी चाळली. हे वाक्य लिहितानाही माझी बोटं मी पँटला पुसतोय.

फिनेलचा मागमूस नव्हता. फिनेल वहिनीने टाकलं ते फरशीवर, नाली होती तिकडे. कुंडी कट्ट्यावर होती, त्याच्याही वर. मातीत होता चिकट तेलकट थर. आणि खवले. माशाचे, बारीक, चकाकणारे खवले, मुठीने सापडावेत एवढे. एका बाजूला तर आख्खा कल्ला.

म्हणजे थोरले फिनेलने मेले नव्हते. ते आपल्या औषधाने मेले होते. पाणी घातलेल्या औषधात खवले असे मुठीने येत नाहीत. कोणीतरी त्यांना ते जवळजवळ नुसतंच पाजलं होतं, पुन्हा पुन्हा, मुळं जळेपर्यंत आणि जळालेली मुळं सडेपर्यंत.

पण औषधाला हात कोण लावतं? फक्त आत्या. आणि आत्या कधी चुकत नाही, कारण ती मापाने घालत नाही, नाकाने घालते. वास मेला की थांबायचं.

मी उकिडवा तसाच राहिलो. स्टुलावरचं बिस्किट आठवलं. चहातलं दूध आठवलं. प्लास्टिकचा हार आठवला, "छान आहे". वहिनीला आत्या म्हणाली होती, मला तर काही येत नाही. आम्हा सगळ्यांना तो टोमणा वाटला होता. आमच्या घरात आत्याचं खरं बोलणं आणि टोमणा एकाच आवाजात येतं, ही मोठी अडचण आहे.

सगळं घर नाक धरून बसलं होतं, एक माणूस सोडून : जिच्या नाकातून कोणाचीच सुटका नव्हती ती.

मला उत्तर मिळालं होतं, आणि नेहमीचंच होतं. फक्त या वेळी ते लिहून सही करून निघून जाता येत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि एक रिकामी बाटली शोधली.

६

संध्याकाळी सगळे नेचाघरात जमले. आत्या स्टुलावर, आतोबा कुठेतरी, दादा फोनवर, वहिनी बरण्यांपाशी, त्यांच्या पुढे उभी, कोणी झडप घातली तर आडवी येता यावं अशी.

मी आत्याच्या हातात बाटली दिली. आत पांढरं पाणी होतं. मी म्हणालो, वहिनीकडची ही बाटली. त्या दिवशी थोरल्यांच्या अंगाला जो वास येत होता तो हाच का, एवढं फक्त तू सांग, म्हणजे रिपोर्ट पुरा झाला.

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घेतली. ती मला आपल्या बाजूचा समजत होती.

आत्याने झाकण काढलं. प्रदर्शनात मिटते तसे डोळे मिटले. बाटली नाकाशी धरली, एकदा, पुन्हा एकदा, सावकाश. आम्ही सगळे लहानपणापासून या नाकाला घाबरून वाढलोय.

"फिनेल," आत्या म्हणाली. "हाच वास. मी मेले तरी विसरणार नाही."

मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि तोंडाला लावून प्यायलो.

दादाचा फोन खाली पडला. वहिनी किंचाळली असती, पण तिच्या तोंडावर रुमाल होता. मी तीन घोट घेतले, कारण एका घोटाने आमच्या घरात कोणाला काही पटत नाही.

"पाणी," मी म्हणालो. "आणि तुझ्या स्वयंपाकघरातलं दूध. नासलेलं. सकाळी चहातही हेच होतं. आत्या, तुला कधीपासून वास येत नाही?"

एवढं बोलून मी वळलो आणि हंसराजाच्या कुंडीवर ओणवा झालो. बाकीचं मला दिसलं नाही. ऐकू मात्र आलं.

मग आत्याने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आतोबा गेले, दादा गेला. वहिनी बरण्यांपासून हलली नाही. मी माझ्या कामात होतो, त्यामुळे मला कोणी मोजलं नाही.

"त्या मोठ्या तापानंतर," आत्या म्हणाली. तिचा असा आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. "ताप उतरला, मी उठून घरभर फिरले. वाटलं, घर किती स्वच्छ झालंय. कुठे कसला वास नाही. वाटलं, सूनबाई कामाला लागली एकदाची."

वहिनीने नाकावरचा रुमाल खाली घेतला असावा, कारण तिचा श्वास मोकळा ऐकू आला.

मग आत्या सांगत राहिली, तुटक तुटक. तिला वाटलं होतं, नाक परत ताळ्यावर येईल. आलं नाही. कोणाला सांगायचं? ती अध्यक्ष होती ती या नाकाच्याच जोरावर. औषध बादलीत घेतलं की वास मेलेलाच असायचा, मग पाणी कशाला घालायचं. थोडंसं घालायची, सवयीने. थोरल्यांनी मान टाकायला सुरुवात केली तसा तिने डोस वाढवला. ते जितके खाली जात होते तितकं ती जास्त पाजत होती.

"मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "वडिलांनी माझ्या हातात दिले होते."

मला बरं वाटत होतं तरी मी वर पाहिलं नाही. अशा वेळी माणसाने कुंडीत तोंड ठेवावं.

मग काच सरकल्याचा आवाज आला. वहिनीने एका बरणीचं झाकण काढलं होतं.

"ही त्यांचीच आहेत, आई," ती म्हणाली. "त्यांच्या पानामागची भुकटी झाडून घेतली होती मी. तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही."

आत्याने बरणी हातात घेतली असावी, कारण स्टूल करकरलं. तिने सवयीने वाकून हुंगलं, तेही ऐकू आलं. मग ती थांबली. मग तिने विचारलं, अगदी हळू, "कसा येतोय?"

"काकडी चिरल्यावर येतो तसा."

"म्हणजे बरी आहेत," आत्या म्हणाली. आणि मग, बरणीत तोंड घालून, त्या नखाएवढ्या पानांकडे बघत : "चुकलं माझं."

७

दुसऱ्या दिवशी बॅग माळ्यावर गेली. खोली बघायचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण तो कधी निघालाच नव्हता. पिंप मी आणि दादाने गावाबाहेर नेऊन पुरलं आणि येताना एकमेकांशी बोललो नाही. बसमध्ये आमच्या शेजारीही कोणी बसलं नाही. दूध आता वहिनी बघते. मंडळात आत्या अजून परीक्षक आहे. ती डोळे मिटून कुंडीशी वाकते, शेजारी वहिनी वही धरून उभी असते आणि एकदा खोकते किंवा दोनदा खोकते. मग आत्या निकाल सांगते. अजून चूक झालेली नाही. मधल्या चौथऱ्यावर यंदा एक बरणी होती, आणि चिटणीस जिन्याखाली.

थोरल्यांच्या भिंतीवर आत्याने पितळी पाटी लावलीय. त्यावर मृत्यूचं कारण आहे : हवामान. या संदर्भात मी एक अर्ज केला आहे, तो असा.

प्रति, माननीय अध्यक्ष, नेचाप्रेमी मंडळ, तथा माझी आत्या.

विषय : पाटीवरील तसेच इतर दुरुस्तीबाबत.

महोदया, उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने अर्जदार नम्रपणे कळवू इच्छितो, की सदर काळात हवामान ठीक होते. तरी पाटीवरील "हवामान" हा शब्द वगळून त्या जागी "मालकाच्या चुकीच्या वापरामुळे" असा मजकूर घालण्यात यावा. अर्जदाराने तपासकामी प्राशन केलेल्या दुधाची नोंद घेण्यात यावी. आतोबांना आठवड्यातून एक केळे उघडपणे मंजूर करण्यात यावे.

तसेच, दिनांक नसलेल्या एका संध्याकाळी, घडलेली नाही अशी जी माफी आपण बरणीत तोंड घालून मागितलीत, ती आपल्या सोयीने पुन्हा एकदा, बरणी खाली ठेवून, वहिनीकडे तोंड करून मागण्यात यावी, ही विनंती.

कळावे. अर्जदार उत्तराची वाट पाहत चहाविना बसला आहे.